दोन मजले, जिना नाही

मुलगी : वाचा ना बाबा. करारावर युनियनचे सेक्रेटरी म्हणून सही तुमचीच आहे.

बाबा : दहा वेळा वाचलंय मी.

मुलगी : मग अकराव्यांदा वाचा. मोठ्याने.

(हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातली युनियनची खोली. सकाळची पाळी नुकतीच सुटली आहे. मुलीच्या मनगटांवर वाफेचे लाल चट्टे.)

बाबा : 'कामगारांसाठी द्विस्तरीय पद्धत राहील.'

मुलगी : द्विस्तरीय म्हणजे काय, हे मी करारावरच्या मतदानाच्या आदल्या आठवड्यात तुम्हाला विचारलं होतं. भांडी घासताना. काय म्हणालात?

बाबा : दुमजली घर, असं काहीतरी.

मुलगी : काहीतरी नाही! 'दुमजली घर समज पोरी. नव्या बायका तीन वर्षं खाली, मग वर. पक्की नोकरी, आजारपणाची रजा, सगळं वर.' तेवढ्यावर मी करारासाठी मतं मागत नव्या बायकांची एकतीस घरं पालथी घातली. कागदावर जिनासुद्धा काढून दाखवला. पुढचं कलम वाचा आता.

बाबा : 'स्तर बदलता येणार नाही.'

मुलगी : कुठेय जिना?

बाबा : मॅनेजमेंट हटूनच बसली होती. जुन्यांचं तरी वाचवलं. नाहीतर सगळेच रस्त्यावर आलो असतो.

मुलगी : मग तसं सांगायचं.

बाबा : सांगितलं असतं, तर गेली असतीस त्यांच्याकडे?

मुलगी : म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

बाबा : माझं त्या ऐकत नाहीत. तुझं ऐकतात.

मुलगी : काल इस्त्रीवालीचा हात भाजला. रजेचा अर्ज तसाच परत आला. मला विचारते, 'ताई, तीन वर्षं कधी गं होतात?' तोंड लपवायला जागा नव्हती मला. आणि मीही खालीच आहे, बाबा. कोणत्या तारखेनंतर लागलेल्या खाली, हे ठरवताना आठवले नाही मी?

बाबा : आठवलीस. तुला वर घेतलं असतं, तर लोकांनी नावं ठेवली असती.

मुलगी : वा! लाज नेमकी तिथे वाटली.

बाबा : चल, घरी बोलू. आई जेवायची थांबली असेल.

मुलगी : तुम्ही व्हा पुढे. मला एकतीस घरी जायचंय.

बाबा : काय सांगणार आहेस?

मुलगी : फसवलं आपल्याला, एवढंच.

बाबा : आणि कोणी, असं विचारलं तर?

मुलगी : लहानपणी खोटं बोलले की तुम्हीच कान पिळायचात, बाबा.