बाबांची संथा

भोसले घाटामागच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गोपीनाथ मास्तर रांगेत होते. पुढे सई आणि तिची आई लॅपटॉप घेऊन उभ्या.

“नवी सिस्टीम टाकण्याआधी बूट रेकॉर्डची नक्कल काढलीस?” दुकानदार देवदत्तने विचारलं.

“नाही, दादा. मग जुनी सिस्टीम उघडेचना.”

“अगं, बूट रेकॉर्ड कॉम्प्युटरला फक्त सुरुवात कुठून करायची ते सांगतो. तो बिघडला तरी आतलं सगळं शाबूत असतं.”

“मला वाटलं, सगळं गेलंच. म्हणून मी अख्खी डिस्क पुसली.”

“अरेरे! काय होतं त्यात?”

“बाबांनी जाण्याआधी माझ्यासाठी म्हणून रेकॉर्ड करून ठेवलेली वेदाची संथा.”

“रडू नकोस, सई,” आई म्हणाली. “बाबा त्यात एकेक ओळ म्हणून थांबायचे ना, तुला म्हणता यावी म्हणून? आठवेल तेवढी म्हण.”

“आई, मी ती कधी लावलीच नव्हती गं.”