थंड इंजिनाची साक्ष

जमलेल्या भावांनो, बायांनो, आणि समोर बसलेल्या कमलवहिनी,

मला जरा उभं राहू द्या, मग बोलते. पोरांनी भरलेल्या वर्गासमोर माझा आवाज कधी बसला नाही. आज बसलाय. गॅरेजच्या या अंगणात इतकी माणसं आणि एकही इंजिन सुरू नाही, हे मी पहिल्यांदाच पाहतेय.

अध्यक्षांनी मघाशी नाव पुकारलं ते श्रावणरावांचं. श्रावणराव म्हणजे आमचे हे. ते बघा, मागे खांबाला टेकून उभे आहेत. नाव ऐकलं आणि मला म्हणाले, "तूच बोल वं. माह्याच्यानं नाही होत." म्हणून मी आले. बोलायचा हक्क त्यांचा होता, जीभ माझी आहे, एवढं समजून घ्या.

दौलत मिस्त्री गेले. आपले दौलतभाऊ गेले. दुपारी जेवले, त्या खाटेवर आडवे झाले आणि उठले नाहीत. आयुष्यभर त्यांनी कोणाला शेवटचा शब्द बोलू दिला नाही, जातानाही दिला नाही.

मी त्यांचं कौतुक करायला उभी आहे, पण खोटं कौतुक करणार नाही. ते उगाच तारीफ करणाऱ्याला दारात उभं करत नसत. दौलतभाऊ भांडखोर होते. ज्याच्याशी ते कधी भांडले नाहीत असा कोणी इथे असेल तर त्यानं हात वर करावा. बघा, त्यांच्याशी संसार केलेल्या कमलवहिनीसुद्धा हसल्या. आणि गर्व? कामठीच्या छावणीत लष्कराच्या गाड्या दुरुस्त करत शिकलेला माणूस. नवं गिऱ्हाईक आलं की आधी ते ऐकवायचं, मग बॉनेट उघडायचं.

आमची ओळखसुद्धा भांडणातूनच झाली. इकडे आमची शाळा, तिकडे त्यांचं गॅरेज, मधे एक भिंत. मी पाढे सुरू केले की पलीकडे ट्रक घुरघुरायला लागायचा. एकदा मी तावातावाने त्यांच्या दारात गेले. ते गाडीखालून डोकं बाहेर काढून म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमचे पोट्टे बी दिवसभर आरडून राह्यतेत. मी कधी आलो काय सांगाले?" मी परत आले आणि पाढे जरा मोठ्यानं म्हणून घेतले.

आता जे सांगते, त्याला पुष्कळ वर्षं झाली. तुमच्यातले काही जण तेव्हा होते. शेठजीही आज इथे आले आहेत, हार घेऊन आले आहेत. शेठजी, तुमची परवानगी मी मघाशीच घेतली आहे, तरी पुन्हा विचारते. सांगू ना? बरं.

आमचे हे तेव्हा लकडगंजात शेठजींकडे गाडीवर होते. लाकडाची मोठी टाल, म्हणजे वखार, आणि पांढरी अँबॅसिडर. पावसाळ्यात नोकरी लागली आणि थंडी पडली तशी कटकट सुरू झाली. गाडी पेट्रोल फार खायला लागली. सकाळी घरून टालीवर, टालीवरून स्टेशनवर, तिथून बाजारात, सगळ्या लहान लहान फेऱ्या. आणि टाकी बघावी तर रिकामी. शेठजींनी त्यांच्या नेहमीच्या मिस्त्रीला विचारलं. त्यानं वरवर पाहिलं आणि सांगितलं, गाडीत काही दोष नाही. गाडीत दोष नाही, मग कोणात?

टालीवर हमाल होते, मुनीम होते, गिऱ्हाइकं होती. सगळ्यांच्या देखत शेठजी म्हणाले, "पेट्रोल विकतो हा. चोर आहे." आणि किल्ली काढून घेतली.

बायांनो, नोकरी जाते, दुसरी मिळते. पण पेट्रोलचोर म्हटलेल्या ड्रायव्हरला दुसरा कोण गाडी देईल? हे दोन ठिकाणी विचारायला गेले. दोन्ही ठिकाणी बातमी यांच्याआधी पोचली होती. मग यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. विहारात जाणं सोडलं. दिव्याखाली बसून भिंतीकडे बघायचे. मी विचारलं, "असे काहून बसता?" तर म्हणाले, "बाहेर गेलो का लोक माह्या हाताकडे पाह्यतेत." ते वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं.

लोकांनी धीर दिला. खोटं कशाला सांगू, पुष्कळांनी दिला. घरी येऊन म्हणायचे, "आम्हाले माहीत आहे, श्रावण तसा माणूस नाही." चहा प्यायचे आणि जायचे.

मग मी दौलतभाऊंकडे गेले. भिंतीपलीकडच्या वैऱ्याकडे. म्हटलं, "भाऊ, तुमचा शब्द चालतो. शेठजींना फक्त एवढं सांगा की श्रावणराव चोर नाहीत." त्यांनी हात पुसले, माझ्याकडे सरळ पाहिलं आणि विचारलं, "बाई, खरं सांगा. श्रावण पेट्रोल विकते काय?"

माझ्या अंगाची आग झाली. मी म्हटलं, "तुम्हीसुद्धा?"

ते म्हणाले, "मले माहीत नाही ना. जे माहीत नाही, ते सांगू कसं? मी श्रावणले ओळखतो, पण त्याच्या गाडीले नाही ओळखत. आधी गाडी पाह्यतो. मंग बोलतो."

मी रागानं परत आले. घरी येऊन म्हटलं, तो माणूस कामाचा नाही. आणि त्याच संध्याकाळी तो माणूस सायकल हाणत लकडगंजात पोचला. शेठजींना काय म्हणाला ठाऊक आहे? "शेठ, तुमचा ड्रायव्हर चोर आहे का नाही, हे पक्कं करून देतो. गाडी माह्या हवाली करा." असं म्हटल्यावर शेठजी नाही कशाला म्हणतील? शेठजी, हसताय, पण तुम्ही तेव्हा फार खुशीत किल्ली दिली होती.

आता दौलतभाऊंचं काम कसं असायचं, ते सगळे ड्रायव्हर आणि मिस्त्री जाणतात. ते पाना आधी उचलत नसत. गाडी मुक्कामी ठेवून घ्यायची, रात्रभर थंड होऊ द्यायची आणि सकाळी स्वतः सुरू करायची. तापलेली गाडी आणली की हाकलून द्यायचे. म्हणायचे, "धावत आलेल्या माणसाची नाडी पाह्यते काय कोणी?"

आणि त्याआधी एक गोष्ट. टाकी शेठजींच्या मुनीमानं भरायची. झाकणावर मुनीमानं लाखेचं सील लावायचं. टाकीच्या खालच्या नटावरही लावायचं. श्रावणरावांनी गाडीच्या सावलीतही यायचं नाही. रोजच्या त्याच फेऱ्या, गाडी चालवणार दौलतभाऊ आणि मागच्या सीटवर स्वतः शेठजी. तेलकट कपड्यातला ड्रायव्हर आणि मागे पांढऱ्या धोतरातले शेठजी, ही स्वारी अख्ख्या लकडगंजानं पाहिली आहे.

फेऱ्या झाल्या. सील जसंच्या तसं. मुनीमानं टाकी पुन्हा भरली, तर पेट्रोल तेवढंच गेलेलं, श्रावणरावांच्या हातून जात होतं तेवढंच. शेठजी वाकून सील पुन्हा पाहू लागले. दौलतभाऊ म्हणाले, "शेठ, चोर सापडला. चोर बॉनेटखाली आहे. आता तो कोण, ते पाहू."

तो रविवार होता. शाळा बंद, म्हणून मी भिंतीशी उभी राहून सगळं पाहिलं. शेठजी खुर्चीवर. दौलतभाऊंनी विचारलं, "गाडी गरम होते काय?" शेठजी मोठ्या अभिमानानं म्हणाले, "कधीच नाही. माझ्या गाडीचा काटा कधी वर जातच नाही."

दौलतभाऊ एकदम थांबले. म्हणाले, "कधीच नाही?"

आपण नागपूरची माणसं. मे महिन्यात रस्त्यात बॉनेट उघडून वाफ सोडत उभ्या असलेल्या गाड्या आपण जन्मभर पाहिल्या. इंजिन तापेल याची आपल्याला भीती. इंजिन थंड राहिलं तर आपण देवाचे आभार मानतो. त्या काट्याकडे श्रावणरावांनी रोज पाहिलं, शेठजींनी पाहिलं, त्या दुसऱ्या मिस्त्रीनं पाहिलं. सगळ्यांना वाटलं, काटा खाली आहे, म्हणजे छान आहे. इंजिन जास्त थंड असणं हाही आजार असतो, हे कोणाच्या डोक्यात येणार?

दौलतभाऊंच्या डोक्यात आलं. पण आलं म्हणून बोलून टाकलं नाही. आधी काटा तरी खरं बोलतो का, ते पाहिलं. चहाच्या टपरीवरून एक गंज, आपलं चहाचं पातेलं, मागवला, पाणी उकळलं, काट्याला खबर देणारा तो तुकडा त्यात बुडवला. काटा चढला. म्हणजे काटा खरा. मग कार्बोरेटर पाहिला. गळत नव्हता. टाकी, नळी, चोकची तार, सगळं पाहिलं. एकेकावरचा संशय काढत गेले. मग गार इंजिन सुरू केलं आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या रबरी पाइपवर तळहात ठेवून उभे राहिले.

मग मला हाक मारली. "बाई, इकडं या. हात लावा." मी लावला. पाइप कोमट होता. ते म्हणाले, "ठीक गाडीत हा पाइप आधी थंडाच राह्यते, अन् मंग एकदम तापते. हा सुरुवातीपासून कोमट, अन् कोमटच राहून राहिला. म्हणजे पाण्याले अडवणारा कोणी नाही." मग ऑइलची काडी काढून माझ्या नाकाशी धरली. पेट्रोलचा वास. इंजिन तापतच नव्हतं, म्हणून पेट्रोल नीट जळत नव्हतं. अर्धं धुरात जात होतं, अर्धं ऑइलमध्ये उतरत होतं. श्रावणराव सकाळी चोक ओढून ठेवायचे, नाहीतर गाडी बंद पडायची, आणि त्यात पेट्रोल आणखी जायचं.

मग त्यांनी पाइप काढला आणि आतली जागा शेठजींना दाखवली. तिथे एक लहानशी झडप असते, थर्मोस्टॅट म्हणतात. पाणी तापेपर्यंत ती त्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. जागा रिकामी होती. दौलतभाऊंनी विचारलं, "शेठ, ही कोणी काढली?"

शेठजी हळूच म्हणाले, "मीच काढायला लावली होती. उन्हाळ्यात. गाडी तापू नये म्हणून."

म्हणजे आमचे हे नोकरीवर लागायच्याही आधी.

दौलतभाऊंनी नवी झडप आणली. ती बसवायच्या आधी त्याच गंजात तारेला टांगून शेठजींना दाखवली. पाणी तापलं तशी ती उघडली, निवलं तशी मिटली. मग बसवली. पुन्हा सील, पुन्हा शेठजी मागे, पुन्हा त्याच फेऱ्या. काटा मधोमध येऊन थांबला आणि टाकीत पेट्रोल उरलं. शेठजी म्हणाले, "ठीक आहे. श्रावणला सांगा, उद्यापासून ये."

कोणीही दुसरा असता तर आनंदानं आमच्याकडे धावला असता. दौलतभाऊंनी किल्ली खिशात घातली आणि म्हणाले, "असं नाही शेठ. चोर म्हटलं ते टालीवर, सगळ्याईसमोर. आता नाही म्हणाचं ते बी तिथंच."

आणि शेठजींनी म्हटलं. तुमच्या तोंडावर सांगते शेठजी, तो दिवस तुमचाही मोठा होता. हमाल होते, मुनीम होते. तुम्ही मधे उभे राहून म्हणालात, "श्रावणनं चोरी केली नाही. चूक माझी होती." आणि तेव्हापासून तुम्ही गाडी दुसऱ्या कोणाला दाखवली नाही.

आमचे हे दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून कामावर गेले. लोक म्हणाले, "काहून गेला गा परत?" ते म्हणाले, "ज्या दारातून चोर म्हणून निघालो, त्याच दारातून आत जायचं होतं." त्या संध्याकाळी ते विहारात आले. कितीतरी दिवसांनी आले.

पुढे एकदा चहा पिताना मी दौलतभाऊंना विचारलं, "भाऊ, समजा, सील लावल्यावर पेट्रोल कमी गेलं असतं तर? मग काय केलं असतं?" मला वाटलं, ते म्हणतील, असं कसं होईल बाई, श्रावण तसा नाहीच.

ते म्हणाले, "तर तुमच्या घरी येऊन सांगितलं असतं. आधी तुमाले, मंग शेठले."

जरासुद्धा थांबले नाहीत हो. चहा पीत राहिले. तो माणूस आमच्या विरुद्धसुद्धा खरंच बोलला असता, म्हणून तर आमच्या बाजूनं बोलला तेव्हा अख्ख्या लकडगंजानं ऐकलं. ज्यांनी आमच्यावर विश्वास ठेवला, त्यांची मी आभारी आहे. ती माया होती. पण त्या मायेनं माझा नवरा घराबाहेर पडू शकला नाही.

कमलवहिनी, तुमच्या घरातला माणूस गेला. आमच्या घरातलाही गेला. मला त्यांची फार आठवण येईल. भिंतीपलीकडून आवाज आला नाही की पाढे म्हणता म्हणता मी अडखळेन.

आता सगळ्यांनी उभं राहावं. मागचे, खांबाशी उभे असलेले, त्यांनीही पुढे यावं. या, इथे माझ्या बाजूला या. आपण थोडा वेळ काही न बोलता उभे राहू. त्याआधी मला त्यांच्याशी एकच बोलायचं आहे.

दौलतभाऊ, तुम्ही आमच्यावर नुसता विश्वास ठेवला नाहीत, त्यासाठी मी जन्मभर तुमची ऋणी आहे.

जय भीम.