दोन कॅल्क्युलेटर

—नाय नाय, स्क्रीन फुटलेली नाय, बॅटरी पण धड हाय, तुमी आधी ऐका तय्यबभाऊ, लगेच मागचं झाकण काढायला नका बसू. फोन चांगला हाय, माणूस बिघडलाय. ह्यात फोटो लपवून ठेवल्यात, ते बाहेर काढायचं, बास. साडेचारची गाडी हाय माझी, ती चुकली की ओतूरला ताटकळत बसावं लागतंय. कुणाचा म्हंजे? आमच्या ह्यांचा, सुदर्शनरावांचा. वळखता की तुमी, मागल्या दिवाळीत काच बसवून नेली तुमच्याकडनं, डिंगोऱ्याचे. ते नाय आले. ते वावरात पाणी भरतायत आणि घरी येऊन फोन हुडकत बसतील — बसू द्या. आता असं तोंड नका करू. बायकोनं नवऱ्याचा फोन आणला की तुमचं तोंड असं होतं, आणि नवऱ्यानं बायकोचा आणला की? तवा म्हणता, बसा पावणं, चहा सांगू का? मला सगळं ठाव हाय.

हे बघा, ह्यो एक कॅल्क्युलेटर. आणि ह्यो दुसरा. ज्या माणसाला खताच्या गोण्या मोजताना बोटं लागत्यात, त्याला दोन-दोन कॅल्क्युलेटर कशाला ओ? मी दाबून बघितलं. पहिल्यात पाच आन् पाच दहा. दुसऱ्यात — दाबा तुमीच, माझं ह्या बोटानं लागत नाय, हे अंगठ्याशेजारचं अर्धं कडबाकुट्टीच्या मशिनीत गेलंय, तेरा वर्षं झाली, बघत नका बसू — दुसऱ्यात बेरीजच होत नाय. गप बसतोय नुसता. मग मी म्हणलं, ह्यो आमच्या मालकावरच गेलाय, इचारलं की गप. ... व्हय ना? फोटो लपवायचंच ना ते? मला वाटलंच. पिन? मला काय ठाव पिन! पिन ठाव असता तर दोन गाड्या बदलून जुन्नरला कशाला आले असते, तुमचं दुकान बघायला?

बाईचं प्रकरण? व्हय, बाईचंच हाय. नाय ओ, तसलं नाय. त्या माणसाकडं कोण बघतंय. अंबाबाईचं म्हणतीय मी. पेपरात आलं व्हतं की — डिंगोऱ्यात कांदा लावताना बाईला बिबट्यानं धरलं. ती अंबाबाई. बांधाला बांध हाय आमचा. आणि धरलं ते आमच्याच वावरात. आमची सावड असती, सहा जणींची. मजूर मिळत नाय म्हणून आज तुझ्यात, उद्या माझ्यात, असं एकमेकींचं कांदं लावायचं. त्या दिवशी माझ्यात व्हत्या सगळ्या. उजाडल्यावर चहा पिऊन बसल्या, एकेक वाफा धरला, नऊ वाजलं असतील, आणि उसातनं — आवाज नाय काय नाय ओ, लोकं म्हणत्यात गुरगुरतो, कशाचं गुरगुरतो — नुसती पाचट वाजल्यागत झाली आणि अंबाबाई वाफ्यात नव्हती. खांद्याला धरून चार हात वढत नेली त्यानं. आमी ढेकळं मारली, मी खुरपं फेकलं, शेवंता पातेलं बडवायला लागली. मग सोडलं. जीव वाचला, पण उजवा हात गेला तिचा. हाय, लोंबतोय, पण त्यात जीव नाय. कांद्याचं रोप दोन बोटात धरता येत नाय तिला. आख्ख्या गावात तिच्याइतका झटपट हात कुणाचा नव्हता, तय्यबभाऊ. आमी एक वाफा लावायचो तवर तिचे दोन व्हायचे, आणि वर आमच्याच पाठी लागायची — हला गं हला, कांदा लावताय का रांगोळी काढताय.

तर ह्या माणसाला ठाव व्हतं! हे सांगतीय मी. त्या दिवशी सकाळी मोटार चालू करायला गेले तवा बांधावर बिबट्या बसलेला बघितला ह्यांनी. फोटो काढला. आणि काय केलं? गावाच्या ग्रुपवर टाकला? फॉरेस्टवाल्यांना पाठवला? नाय. ह्यो कॅल्क्युलेटर! ह्यात नेऊन कोंबला. आणि दोन महिने झालं, गावात तोंड वर करून फिरतायत, मीटिंगमधी पुढं बसत्यात, पिंजरा लावा म्हणून वरडत्यात. माझा संताप होतोय नुसता. तुमी सांगा, माणसाला एवढं दिसलं आणि तो गप बसला, तर त्याला काय म्हणायचं? म्हणा की, तुमाला काय माझी भीती हाय का.

त्यात काल काय झालं. काल माझ्यात खुरपणी व्हती. अंबाबाई काय आता गावात नाय, येडगावला लेकीकडं असती, वृषालीकडं. सकाळी बघते तर वृषाली दारात. हातात खुरपं, डोक्याला फडकं, आणि गळ्यात तो खिळ्यांचा पट्टा, बिबट्यानं मान धरू नये म्हणून आता घालत्यात बाया तसला. म्हणलं तू कशी गं? म्हणली, काकी, आईनं पाठवलंय, आई म्हणली त्या दिवशी माझा पाऊण दिवस राहिला आरतीकडं, सावड अर्धी ठिवू नये, तू जाऊन भरून ये. ऐकलं का? हात गेला तिचा माझ्या वावरात आणि ती म्हणती माझा पाऊण दिवस राहिला! आणि ती पोर जाऊन बसली कुठं, तर त्याच वाफ्यात. उसाकडच्या. आईची जागा म्हणून. मी म्हणलं ऊठ, इकडं ये, तर हसली. म्हणली, ऊस तुटून गेला की काकी, आता कशाची भीती. मी दिवसभर तिच्या पाठीमागं उभी. खुरपं हातात, पण एक गवताची काडी उपटली नाय मी.

म्हणून आज आले. हे फोटो बाहेर काढायचं, वृषालीला दाखवायचं. बघ बाई, तुझ्या काकाला ठाव व्हतं, मला नाय. मला काय बी ठाव नव्हतं. अंबाबाईनं इचारलं व्हतं मला दवाखान्यात — सगळं खांद्यापासनं बांधलेलं, डोळं नुसतं उघडं — म्हणली, आरते, तुला काय कळलं व्हतं का गं? मी म्हणलं, नाय. खंडोबाची आण घेतली. ती म्हणली, मग जाऊ दे. डोळं मिटलं तिनं. त्यानंतर मी काय गेले नाय तिच्याकडं. कशी जाणार, इतकी कामं...

अजून उघडंना का? किती येळ! म्हणं मालकाचं बोट लागतंय, मालकाला आणा, हे कसलं दुकान म्हणायचं! टाका, अठ्ठावीस शून्य चार. आमच्या लग्नाची तारीख. दुसरी तारीखच ठाव नाय त्या माणसाला. ... काय? मगाशी म्हणलं पिन ठाव नाय? म्हणलं असंल. मगाशी नव्हता आठवला. आता आठवला. तुमी काय पोलीस हाय का? उघडलं ना? मग झालं तर.

व्हय, उघडून बघितलंय मी. काल संध्याकाळीच. बघा, तीन हायत. पहिलं दोन बाहेर काढा, माझ्या फोनवर पाठवा. तिसरा उडवायचा. मी उडवला व्हता, ते डब्याचं चित्र दाबलं, गेला. सकाळी बघते तर कोपऱ्यात दुसरा डबा, त्यात जाऊन बसलेला! म्हणं तीस दिवस ठिवतो. कुणी सांगितलंय तुला ठिवायला? तर त्या डब्यातनं पण, आणि वर ढगात का कुठं जातंय म्हणत्यात, तिथनं पण. समदीकडनं. आणि तो उघडायचा नाय. न बघता उडवायचा. का म्हंजे? मी सांगतीय म्हणून. तुमच्या अनवरीभाभीचा फोटो असा कुणी उघडून बघितला तर चालंल का तुमाला? मग!

—अहो, उघडू नका म्हणलं ना! तोच हाय का ते बघायचं म्हणून काय... झालं. उघडलाच.

पंजा हाय, दुसरं काय. बिबट्याचा. मोटारीपाशी चिखलात उठला व्हता. केवढा हाय ते कळावं म्हणून शेजारी हात ठेवलाय. बाईचा हात हाय. बांगड्या काय, कुणी बी घालतंय हिरव्या बांगड्या, आमच्या गावात दोनशे बाया असतील... आता माझ्या बोटाकडं बघू नका, तय्यबभाऊ. मगाशी सांगितलं ना, नका बघू.

मी गेले व्हते ह्यांच्यामागं. चहा घेऊन. ह्यांनी हाक मारली, बघ म्हणले, मी हात ठेवला, हे म्हणले थांब, फोटो काढतो, फॉरेस्टला पाठवतो, आजच्याला बायांना येऊ नका म्हणून सांग. मी म्हणलं — मी म्हणलं, अहो, रोप उपटून ठेवलंय चार वाफ्यांचं, गोणपाटाखाली, उद्यापतोर त्याचं गवत होईल. सावड मोडली की पुन्हा आठ दिवस पाळी येत नाय. एवढा दिवस जाऊ द्या, संध्याकाळी पाठवा. कुणाच्या नजरंला पडू देऊ नका, लपवून ठिवा कुठं तरी. त्यांनी लपवला. माझं ऐकलं. बारा वर्षात कधी ऐकलं नाय माझं, त्या दिवशी ऐकलं! काल मी भांडले तर म्हणत्यात, जा, दाखव वृषालीला, पण तिसरा पण दाखव. हे असं बोलत्यात मला! मला!

आणि तुमी काच काय पुसत बसलाय? तुमाला काय वाटतंय, एवढंच हाय? उसाकडचा वाफा माझा व्हता त्या दिवशी. वावर ज्याचं, कडंचा वाफा त्याचा, ही आमची रीत, इचारा कुणाला. मी उभी राह्यले. म्हणलं, अंबाबाई, माझी कंबर धरलीय, तिथं उतार हाय, तू बसती का तिकडं? तिनं चहाची कपबशी ठेवली आणि गेली. म्हणली, बस गं तू हितं, मी उरकते. एवढंच म्हणली.

दाबा आता. काय इचारतोय तो? कायमचं काढून टाकायचं का? व्हय म्हणा. फोनला काय करायचीय चौकशी, व्हय म्हणा आणि—

थांबा. दाबलं का? नाय ना? हात काढा. काढा हात तिथनं! आणा तो फोन इकडं. पाठवू बी नका काय, तिन्ही राहू द्यात तसंच. नाय, पिन नका बदलू. पाणी नको मला. सरका, तुमच्या गिऱ्हाइकांना बघा.

...डिंगोऱ्याची गाडी गेली? जाऊ द्या. येडगावची कितीला हाय?