डाव्या चाकापुढची पिवळी पट्टी

मले सांगू नको म्हटलं आहे, काकू. बाबायनं सकाळीच बजावलं — "आचल, गिऱ्हाइकापाशी तोंड उघडायचं नाही" — अन् मी तसंही कुठे उघडते, शाळेत हजेरीले मॅडम माहं नाव दोनदा घेतात. पण काका आत गॅरेजात बाबायले सांगून राहिले होते, अकोल्याले सव्वा तासात पोचतो, चौपदरी रस्ता आहे. सव्वा तासात नका जाऊ. काहून? सांगते ना. हे पाणी घ्या, ग्लास हातात ठेवा — म्हणजे बाबायले वाटीन, मी पाणी देऊन राहिली.

तुमच्या गाडीच्या मागच्या लाल दिव्याले कडेले बारीक उंचवटा आहे ना, नखाएवढा? मले आधी वाटलं, साचाच बिघडला. मंग मोर्शीकडून आलेल्या गाड्या धुता धुता ध्यानात आलं — हवा दिसत नाही, पण आपली काळी धूळ तिले दाखवते. उंचवट्यापर्यंत धूळ सरळ रेघेत येते अन् तिथून सुटते. जुन्या गाडीवर तीच धूळ मागे वळते अन् काचेवर भोवरे काढते. म्हणजे तो नखाएवढा तुकडा हवेले वाट दाखवाले ठेवला आहे — गाडी डुलत नाही, पेट्रोल कमी लागते. चाकापुढे लोंबते ते काळं प्लास्टिकही तसंच, समोरची हवा फिरत्या चाकावर आदळू नये म्हणून. अन् इंजिनाखालचं झाकण — गाडीचं पोट गुळगुळीत राहावं, हवा कुठे अडू नये. पण इकडे काय होते, गतिरोधकावर ते घासते, गिऱ्हाईक म्हणते खालून खरखरते, अन् बाबा काढून फेकतात. "कंपनीले प्लास्टिक जास्त झालं होतं," म्हणतात. सारे हसतात. मीही हसायची.

तुमच्या गाडीचा डाव्या चाकापुढचा तुकडा बाबायनं काढून टाकला. इंजिनाखालच्या झाकणाच्या डाव्या बाजूच्या क्लिपा तुटल्या होत्या — संत्र्याच्या पेट्या बांधतात ना, त्या पिवळ्या पट्टीनं बांधलं ते. टॉर्च मीच धरली होती. पुढची कड दोन बोटं लोंबून राहिली. हळू गेलं तर काही नाही. जोरात गेलं की हवा आत शिरते, पोतं फुगते तसं झाकण फुगते, अन् मंग —

मले कसं माहीत? ... हे नव्हतं सांगायचं. गेल्या महिन्यात आमच्या एका गिऱ्हाइकाची, गोवर्धनकाकायची, गाडी अशीच बांधली होती. नांदगाव पेठेपाशी झाकण सुटलं. मागून जमुनाताई स्कुटीवर होती — आमच्याच गल्लीतली, शिवण शिकवते, या युनिफॉर्मच्या बाह्या तिनंच वाढवल्या. झाकण चाकाखाली आलं अन् ती पडली, डॉक्टरायनं तिच्या पायात सळई टाकली. गोवर्धनकाकायनं ते झाकण उचलून आणलं अन् बाबायनं तिकडे टायरांच्या ढिगामागे ठेवलं. पट्टी अजून आहे त्याले. मी पाह्यली. जमुनाताई मले रोज विचारायची, "आचल, रस्त्यावर ते काळं काय आलं असन वं?" मी म्हणायची, माहीत नाही ताई. रोज म्हणायची. आता मी तिच्या घरावरून जात नाही, मागच्या बोळातून जाते.

बाबा वाईट नाहीत, काकू. तेव्हापासून अर्धी भाकर ठेवून उठतात. मले वाटलं, आता ते पट्टी हातातही घेणार नाहीत. पण क्लिपा यायले दोन दिवस लागतात, अन् काकाले गाडी आजच पायजे होती — अन् बाबायनं पुन्हा पट्टीच बाहेर काढली. माह्याकडे पाह्यलं नाही. मी टॉर्च बाजूले वळवली तर म्हणाले, "नीट धर."

पोलिसायले नका सांगू. गोवर्धनकाकायचं नावही नका घेऊ. तुमी काहीच नका सांगू — फक्त जाऊ नका.

आली बाबा! गाडीची चावी? टेबलावरच असन, पाहते! — नाही काकू, हे पाहा, मुठीत आहे माह्या. तुमी मागितली तर मले द्यावी लागीन. नका मागू. आधी खाली वाका, तिथे, डाव्या चाकापुढे, पिवळं दिसते ना? हात लावा अन् बाबायले विचारा हे काय आहे म्हणून. तुमीच पाह्यलं म्हणा. मी सांगितलं म्हणू नका, मी काहीच — आली बाबा, आली! नाही, बोलून नाही राहिली, मी फक्त पाणी —