सहावा हात

— अगोदर ती जीप बंद करायला सांग. डिझेल काय तुझ्या बापाचं जळून राहिलंय? न्हाई ना, शेषेरावाचं जळतंय, म्हून तुला त्याचं काही न्हाई. बंद कर म्हणावं. माझ्या दारात इंजन चालू ठेवून मला घाई लावायची न्हाई. हां. आता बस. खाली कामून बसतोस, बाजेवर बस — बी.ए. झालेला माणूस तू. मल्लम्मा, सिद्धरामला पाणी दे. अर्धा गिलास. राग मानू नको पोरा, आमच्या घरात सध्या अर्धाच मिळतो, जावई आला तरी अर्धाच.

तर काय म्हणत होतास — "रेवणसिद्धअप्पा, तुम्ही नुसतं जीपमधी बसा, बाकी आम्ही पाहू." काय पाहणार? पाच मेंबर तुम्ही उचलले, तुळजापूरच्या धर्मशाळेत नेऊन ठेवले. देवदर्शन म्हणता त्याला. देवाच्या दारात माणसं कोंडून ठेवायची, बिड्या पुरवायच्या, उद्या अकराला तहसीलदार चावडीत येऊन बसला की जीपमधून उतरवायची आणि हात वर करायला लावायचे. नऊ मेंबरांची पंचायत. भुजंगाला सरपंचकीवरून पाडायला सहा हात लागतात. पाच तुमच्या धर्मशाळेत. सहाव्यासाठी माझ्या दारात आलास. शेषेरावाला सरपंच व्हायचंय, पण त्यानं दुसरं कोणी धाडलं न्हाई, तुला धाडलं — आपल्या भावकीतला, माझ्या अंगणात खेळलेला. डोकं हाय त्याला, न्हाई म्हणत न्हाई मी.

दिल्लीत बी असंच चालतं म्हणतोस? ठावं हाय मला. दुसरी शिकलोय, ती बी निजामाच्या शाळेत, उर्दूत — पण रेडिओ ऐकतो. लोक मेंबर निवडतात, मेंबर आपल्यातला एक वर बसवतात. दिल्लीत पंतप्रधान, मुंबईत मुख्यमंत्री, इथं सरपंच. हात वर हायेत तोवर त्यो वर, हात खाली आले की त्यानं उतरायचं, भांडायचं न्हाई. चांगलं हाय. मला मान्य हाय. निजामाला कोण उतरवणार होतं हात वर करून? पण एक सांग — हात वर करणारा माणूस आपल्या घरून यायला पाहिजे का न्हाई? त्या पाच जणांना आज गावात काय चाललंय ठावं हाय का? त्यांच्यातल्या सटवाजीची सून भर उन्हात घागरीसकट पडली, त्याला ठावं हाय का? त्यो तुळजापूरला प्रसाद खाऊन राहिलाय. उद्या तिच्या नावानं बी हात वर करंल, मेंबर हाय ना त्यो.

काय? कायदा? हाव, कायदा भुजंगानं मोडला. बोल मोकळं, मी कुठं न्हाई म्हणतो? जिल्ह्यातला चारा जिल्ह्याबाहेर न्यायचा न्हाई असा कलेक्टरचा हुकूम हाय, आणि आपल्या सरपंचानं कडब्याच्या गाड्या नाल्यापलीकडं धाडल्या. नुसतं जिल्ह्याबाहेर न्हाई, राज्याबाहेर, कर्नाटकात. पुऱ्या गावानं पाहिलंय, लपवायचं काय त्यात! पण कामून धाडल्या ते बी गावानं पाहिलंय. आपल्याकडं कडबा हाय, पाणी न्हाई. त्यांच्या विहिरीला पाणी हाय, कडबा न्हाई. आपल्या बाया तिथं घागरी घेऊन गेल्या की त्यांची माणसं आडवी यायची — "निम्मदु महाराष्ट्र", तुमचं महाराष्ट्र, तुमच्या सरकारला मागा. खोटं न्हाई बोलले. त्यांची विहीर त्यांच्या सरकारनं बांधली.

तू हसलास. हस. नाला कोरडा, वाळूत गाढवं लोळतात — त्यांच्यातलं कोणतं महाराष्ट्रातलं न् कोणतं कर्नाटकातलं, सांग बरं मला. मी ह्या घरातून हललो न्हाई, सिद्धराम. जन्मलो तवा जिल्हा बीदर. मग रेषा ओढली, बीदर तिकडं गेलं, आम्ही उस्मानाबादला. आता वर्षबी झालं न्हाई, लातूर. जिल्हा बदलत गेला, मी इथंच. लातूर झालं तवा ह्याच भुजंगानं गावात गूळ वाटला — आता कचेरी जवळ आली, आता काम व्हईल. गेला बिचारा पाण्याची दरखास्त घेऊन. कचेरी भाड्याच्या घरात, खुर्च्यांच्या सुतळ्या सुटल्या नव्हत्या. कारकून म्हणाला, तुमच्या गावचे कागद अजून उस्मानाबादहून आले न्हाईत. बरं, आले न्हाईत तर न्हाईत, पलीकडच्या विहिरीचं काय? तर म्हणाला, ते दुसरं राज्य. आपला साहेब त्यांच्या साहेबाला सरळ लिहीत न्हाई. आपण मुंबईला लिहू. मुंबई बंगळूरला लिहील. बंगळूर बीदरला विचारील, बीदर तालुक्याला, तालुका त्या गावच्या पाटलाला. आणि जमलं न्हाई तर दिल्ली हायच. — आरं, त्यो पाटील खोकला तर मला इथं ऐकू येतं!

न्हाई, कारकुनाला शिव्या देत न्हाई मी. त्याचं बी बरोबर हाय. इतका मोठा मुलूख, एका माणसाच्या हातात दिला तर त्यो निजाम होतो. म्हून वाटून दिलाय — रेल्वे दिल्लीची, शेत न् पाणी राज्याचं, गटार पंचायतीचं. ज्यानं त्यानं आपलं पाहायचं. पण ह्या वाटणीत तहान कोणाच्या वाट्याला आली, ते मला सापडत न्हाई. तुला कॉलेजात सांगितलं असंल तर सांग.

न्हाई सांगितलं. मग ऐक. भुजंग गेला पलीकडं. एकटा. त्यांच्या कट्ट्यावर बसला, मोडकीतोडकी कानडी बोलला, म्हणाला — कडबा आमचा, पाणी तुमचं, पाऊस पडंपर्यंत. कागद न्हाई, शिक्का न्हाई. दोन माणसांची जबान. त्या जबानीवर पुरं गावठाण पाणी पिऊन राहिलंय. तू आता प्यालास ते बी तिथलंच. उद्या भुजंग पडला की जबान पडली. शेषेराव सरपंच झाला तर त्यो गाड्या धाडील? कायद्यानं चालणारा माणूस त्यो! गाड्या बंद, तिकडून विहीर बंद. मग काय राहिलं? शेषेरावाचा टँकर. सरकार लावणार, खेपा शेषेराव मारणार. बाया नाल्यापलीकडं जायच्या बंद झाल्या म्हंजे टँकर लागणारच, न्हाई का? हे मी बोललो तर वाईट. तू जीपकडं पाहू नको, माझ्याकडं पाहा.

तुझ्या हाती निरोप काय दिला होता त्यानं — मी आलो न्हाई तर भुजंगावर चाऱ्याची केस लावणार? लावू दे. मला भ्या दाखवून राहिलास का, सिद्धराम? गळ्यातल्या लिंगावर हात ठेवा म्हणालास मघाशी, शपथ घ्या म्हणालास. मी ऐकून घेतलं, पोर म्हून. पुन्हा म्हणू नको. लिंग मी पूजेला बांधलंय, शेषेरावाच्या कामाला न्हाई. माझा हात उद्या खालीच राहील. जीप मोकळी जाऊ दे.

काय म्हणालास? आम्ही चौघं बी एक न्हाईत? कोण म्हणालं तुला? शेषेराव? त्याला काय ठावं! मोज माझ्यासमोर. भुजंग स्वतः. मी. धुरपताबाई — बायांच्या जागेवर निवडून आली, पण शेषेरावाचा भाऊ तिच्या दारात गेला तर तिनं झाडू हातात घेतला, सोडला न्हाई त्यो जाईपर्यंत. आणि गुरुपादप्पा. त्याचं नाव घेऊन हसू नको. गुरुपादप्पा ढिला हाय हे पुऱ्या गावाला वाटतं, पण त्याला मी नीट धरून ठेवलाय. मी न्हाई तर कोण धरणार? काल गेलो होतो त्याच्या वस्तीवर. रडायला लागला — मोठा माणूस, रडायला लागला. म्हणाला, अप्पा, पलीकडचं पाणी गावठाणात येतं, माझी वस्ती पार डोंगराच्या अंगाला, माझ्या घरापर्यंत कोण आणणार? माझ्या म्हशी जीभ काढून बसल्यात. शेषेरावानं एकदा, एकदाच टँकर माझ्या वस्तीवर लावला तर मी हात वर करीन, मग तुम्ही मला काही म्हणा. — अशी झाडली मी त्याची! म्हटलं, एका टँकरात इमान बुडवतोस? खाली मान घालून म्हशींकडं गेला. तिथंच हाय त्यो, गोठ्यात, आज गावात येणार बी न्हाई. मी उद्या सकाळी जाऊन स्वतः घेऊन येणार हाय त्याला. शेषेरावाला वाटत असंल रेवणसिद्ध म्हातारा झाला. अजून माणसं धरून ठेवतो मी. सांग त्याला जाऊन —

उठलास? बस की. पाणी संपव तरी, एक घोट राहिलाय, टाकायचं न्हाई आमच्याकडं. ऐकलंस ना, जीप मोकळी जाऊ दे — हाव, जातोस, जातोस, घाई कशाची? मघाशी तर उठायला तयार नव्हतास. पाया कशाला पडतोस? मी काय दिलं तुला?

सिद्धराम.

आरं, शेषेरावाकडची वाट डावीकडं. डावीकडं! त्याला सांग डावीकडं वळव म्हून, डोंगराच्या अंगाला काय हाय तिकडं, तिकडं नुसती गुरुपादप्पाची —

…

मल्लम्मा. बाहेर ये. न्हाई, त्यो गेला. घरात भांडी किती हायेत तितकी काढ. घागरी, कळश्या, हंडे, परात बी. दिवस मावळायच्या आत पलीकडं जा आणि भरून आण. धुरपताबाईला सांग, सटवाजीच्या घरी सांग, आळीतल्या समद्या बायांना घेऊन जा. मी बी खांद्यावर दोन आणतो.

कामून म्हून विचारू नको.

विचारू नको म्हटलं ना.