काचेवरचं माप

भाची : हात लावू नकोस मावशी! उघडतंय बहुतेक!

मावशी : नाही लावत गं. श्वास तरी घेऊ ना?

भाची : घे, पण हळू. आलं, आलं, आलं... गेलं.

मावशी : काय म्हणतोय?

भाची : तेच पालुपद. ‘हा प्रोग्राम या संगणकावर चालू शकत नाही.’

मावशी : जुन्यावर सतरा वर्षं बिनबोभाट चालला. तू हौसेनं नवा संगणक आणलास, जुना परस्पर भंगारवाल्याच्या गाडीत चढवलास, आणि माझ्या एकशे चाळीस गिऱ्हाइकांचे पाय अडकून बसले.

भाची : फायली सगळ्या वाचवल्यात गं मी! बुटांचे नमुने काढायचा हा तुझा प्रोग्रामच तेवढा म्हातारा आहे.

मावशी : म्हातारा म्हणून हिणवू नकोस. माझ्याच वयाचा असेल धंद्यात.

भाची : टोमणे जेवताना मार. आधी सांग, बारा वाजता कोण येणार म्हणालीस?

मावशी : टपालबाई. त्यांच्या डाव्या बुटाचा आतला तळ कापायचाय. वरचं चामडं शिवून तयार आहे माझं, नमुन्याशिवाय तळ अडलाय.

भाची : आल्या की पायाचं माप घे ना नव्यानं.

मावशी : सुजलाय पाय. जुने बूट भिजले, बाईंनी हीटरसमोर वाळत ठेवले, तळ पापडासारखा वाकला. मग तीन आठवडे दुकानातले तयार बूट घालून टपाल वाटलं. अपघातातला पाय तो, खळगा भलतीकडे, अंगठ्याखाली गाठ. तो तळ जमवायला मला दोन वर्षं आणि पाच खेपा लागल्यात. सुजेवर कुठून जमवू?

भाची : आणि सूज उतरेपर्यंत थांबायचं?

मावशी : त्यांचे साहेब थांबत नाहीत. सोमवारी नीट चालता आलं नाही तर फेरी काढून घेणार, कायमचं टेबलावर. आणि मी छातीठोकपणे ‘सोमवारी बूट पायात’ म्हणून मोकळी झालेय.

भाची : अरे देवा. सरक. मला तुझी खुर्ची दे.

मावशी : काय करतेयस?

भाची : याला थाप मारतेय. सेटिंगमध्ये एक जागा असते, तिथं सांगायचं की बाबा रे, तू अजून जुन्याच विंडोजवर आहेस. त्याला पटलं की चालतो.

मावशी : आणि पटलं नाही तर?

भाची : तर अजून जुनं वर्ष सांगायचं. हे नाही... हे पण नाही... मावशी! मावशी, उघडला!

मावशी : कुठं? मला तर टिकली दिसतेय.

भाची : तीच खिडकी! पडदा नवा, बारीक ठिपक्यांचा, म्हणून याला सगळं इवलंसं दिसतंय. थांब, आकार याला ठरवू द्यायचाच नाही, सिस्टीमला ठरवू दे म्हणायचं... आता बघ!

मावशी : अगं बाई! माझी हिरवी चौकट! माझे पाय! हे बघ, बेकरीवाल्याचा चपटा, हा बँडमास्तरचा, ही माझी स्वतःची फाइल... सगळे आहेत गं! ये इकडे, मुका घेऊ दे.

भाची : चष्मा, चष्मा! माझा चष्मा वाकेल!

मावशी : वाकू दे. प्रिंट काढ.

भाची : दार वाजतंय.

(टपालबाई येतात. डाव्या पायात सपात, उजव्या पायात बूट.)

टपालबाई : येऊ ना? पाच मिनिटं आधीच आले. सवय आहे.

मावशी : या या, बसा! पाय त्या स्टुलावर टाका. ही माझी भाची, संगणकातली. तुमचा तळ सापडलाय!

टपालबाई : हरवला होता?

मावशी : छे! म्हणजे... जरा लपला होता.

भाची : हा घे मावशी. ताजा, गरम कागद.

मावशी : दे. याला चामड्याच्या आत... हं. हं?

भाची : काय झालं?

मावशी : हा तळ त्यांचा नाही.

भाची : नाव तेच आहे की फाइलवर.

मावशी : नाव असेल. आखूड आहे हा. चांगला दीड सेंटिमीटर. रुंदीला बरोबर, लांबीला आखूड. तुझ्या यंत्रानं पाय आवळलाय.

भाची : यंत्रानं नाही. फाइलमध्येच साडेबावीस लिहिलंय, कागदावरही साडेबावीसच आहे. तुझी टेप सैल झाली असेल.

मावशी : माझ्या टेपला बोलायचं काम नाही!

टपालबाई : मी टेबलावर बसले तरी चालेल हो. कुणाचं अडणार आहे? उगाच माझ्यासाठी...

मावशी : गप्प बसा बाई. भांडण आमचं चाललंय.

भाची : मावशी, एक सांग. जुन्याला तर प्रिंटरच नव्हता. मग नमुना कागदावर कसा यायचा?

मावशी : कसा म्हणजे? काचेवर ट्रेसिंग पेपर चिकटवायचा आणि पेन्सिल फिरवायची.

भाची : कुठल्या काचेवर?

मावशी : संगणकाच्या.

भाची : सतरा वर्षं?

मावशी : त्यात काय! आणि काढतानासुद्धा काचेवर टेप लावायची. टेपवर चोवीस भरेपर्यंत रेघ ओढायची.

भाची : आणि हा कोपऱ्यात आकडा येतो तो?

मावशी : तो होय? मला वाटलं, प्रोग्रामचा काहीतरी नंबर.

भाची : मावशी! तुझा तो जुना चौकोनी पडदा चित्र उभं ताणत होता! म्हणून फाइलमध्ये आखूड आणि काचेवर बरोबर! तू जमवलंस काचेवर, आणि काच मी भंगारात दिली...

मावशी : म्हणजे गेलंच की सगळं.

भाची : नाही गेलं! काढ, तुझा बूट काढ! तुझ्या बुटाचा तळही त्याच काचेवरचा ना? मोज.

मावशी : चोवीस. डोळे मिटून सांगते.

भाची : मोजून सांग.

मावशी : चोवीसच.

भाची : आणि तुझ्या फाइलमध्ये साडेबावीस! आता माझा बूट घे. मागच्या वाढदिवसाला केलेला.

मावशी : पंचवीस... आणि सहा रेघा.

भाची : फाइलमध्ये चोवीस! थांब, भागाकार करते... तोच! मावशी, तोच आकडा आला! सगळे पाय एकाच मापानं ताणलेत! लांबीला शंभराचे एकशे सहा पॉइंट सदुसष्ट करायचे, रुंदीला हात लावायचा नाही. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस बूट सुटले!

मावशी : एकशे चाळीस राहू देत. एक काढ.

भाची : निघतोय. निघाला.

मावशी : दे इकडे. टपालबाई, पाऊल ठेवा या कागदावर. जोर नका देऊ. मी धरते.

टपालबाई : सूज आहे ना पण?

मावशी : सुजेकडे मी बघतच नाही. गाठ कुठं येते ते बघतेय. ही गाठ... हा कागदावरचा तिचा गोल... बसली. खळगाही बसला. अगं, बसला गं! केवढी धास्ती घेतली होती मी, कुणाला बोलले नाही.

भाची : रडतेयस?

मावशी : रडत नाही. आनंद झालाय मला, आणि तुझा रागही आलाय. काच देताना एक फोन केला असतास.

भाची : चुकलं माझं. खरंच चुकलं.

मावशी : बरं, आता कातरी दे. बाई, आज आणि उद्या पाय उशीवर. सोमवारी साडेसहाला या, इथूनच घालून जा. आणि पहिल्या दिवशी सपाट गल्ल्या आधी घ्या, जिने शेवटी.

टपालबाई : नाही हो. आधी जिन्यांचीच इमारत घेणार.

मावशी : हट्ट कशाला?

टपालबाई : चौथ्या मजल्यावरचे आजोबा तीन आठवडे माझ्यासाठी खाली उतरून येतायत.