टाकी, सर्व्हर आणि दोन साडू

सकाळचे साडेनऊ. हिंगोली, आमच्या वृत्तपत्राचं कार्यालय. पंखा चालू, वेबसाइट बंद.

आणि बंद कधी? तर बारा वाजता मंत्रीसाहेब साखरा गावच्या नव्या पाण्याच्या टाकीची फीत कापणार, नळाला थेंब नाही ही माझी बातमी तयार, आणि वाचकाच्या मोबाइलवर नुसता पांढरा पडदा! उपकार मानतो हो सगळ्यांचे, पण बोलू द्या मला!

तुम्हाला सांगतो, वारंगा फाट्यावरचं हॉटेल आठवा. ऑर्डर घेणारा पोरगा म्हणजे वेब सर्व्हर, आत रांधणारा आचारी म्हणजे अॅप्लिकेशन सर्व्हर. आचाऱ्यानं चूल दुसऱ्या खोलीत हलवली आणि पोऱ्याला सांगितलंच नाही, तर गिऱ्हाईक जेवणार कसं? आमच्या विजयकुमारनं रात्री हेच केलं. आतल्या सर्व्हरचा पोर्ट, म्हणजे खोलीचा नंबर, बदलला. दारातला सर्व्हर प्रमोदकडे. त्याला सांगायचं ना? नाही! दोघे साडू. मेहुण्याच्या लग्नात धाकट्या विजयकुमारला फेटा आधी बांधला, तेव्हापासून अबोला!

एकाच टेबलावर दोघे, मधे मी...

"काका, त्यायला म्हणाव नंबर सांगा."

"काका, त्यायला म्हणाव तोंडानं इचारा. थोरले हायेत ना?"

"थोरला हाव म्हनूनच इचारत न्हाई!"

अरे, मी पत्रकार आहे की तुमचा पोस्टमन? उपकार मानतो, पण बोलू द्या मला!

शेवटी शिरड शहापूरला त्यांच्या सासूबाईंना, पार्वतीबाईंना, फोन लावला. स्पीकरवर. "जावईबापू, फेट्याचं चुकलं माझं. दिवाळीला दोघायला एकाच वक्ती बांधते. पण साखऱ्याला माझी शिवकन्या दिली हाय, घागरी वाहून वाहून कंबर गेली लेकराची! अन् तुमी नंबर दाबून बसले काहून?"

मग विजयकुमारनं पंख्याकडे बघत नंबर म्हटला, प्रमोदनं खिडकीकडे बघत टाइप केला... आणि बातमी उघडली! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. सासूबाई, शंभर वर्षं जगा!

साखऱ्यात बायकांनी साहेबांपुढे मोबाइल धरले. कात्री तशीच राहिली. तपासलं तर काय? टाकी आणि नळ यांच्यात पाइपच जोडलेला नाही! टाकीचा ठेकेदार पाइपवाल्याकडे बोट दाखवतो, पाइपवाला टाकीवाल्याकडे. सगळी चौकशी केली मी... दोघं एकमेकांच्या नात्यातले नाहीत हो! आता फोन लावू कुणाला?